एकट्याची कमिटी

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि त्यातला बराचसा काळ एकाच शब्दाशी भांडण्यात घालवला. तो शब्द म्हणजे कमिटी. आमच्या भागात या शब्दाला तोटा नाही. शाळेला कमिटी, देवळाला कमिटी, जत्रेला कमिटी, पाण्याच्या टाकीला कमिटी. माणसं दोन जमली की चहा होतो आणि पाच जमली की कमिटी होते. कमिटी झाली की पाटी आली, आणि पाटी इंग्रजीत असली तरच तिला वजन, अशी आमच्याकडची समजूत. मांजरसुंब्याच्या फाट्यापासून चौसाळ्यापर्यंत मी रोज एसटीनं शाळेला जायचो. त्या सगळ्या रस्त्यावर हा शब्द बरोबर लिहिलेली एक पाटी मला दिसली असती तर मी गाडी थांबवून नारळ फोडला असता.

कुठं एक एम खाल्लेला, कुठं एक टी. कुठं शेवटचे दोन ई काढून त्यांच्या जागी वाय बसवलेला. एका पाटीवर तर पेंटरनं उदार होऊन तीन टी घातले होते. तो पेंटर मूळचा ढाब्यांच्या पाट्या रंगवणारा. शेवभाजी आणि काजूकरी त्याला झोपेत लिहिता यायची. त्याला मी एकदा गाठून विचारलं, तर म्हणाला, पत्रा जेवढा तेवढी अक्षरं. पत्रा कमी पडला की सारख्या दिसणाऱ्यातलं एक कमी करायचं, कुणाच्या लक्षात येतंय. पोरांनाही मी तेच सांगत होतो की हा शब्द नेमका तिथंच फसवतो.

वर्गात मात्र मी हार मानली नव्हती. पोरं सगळी गुराढोरांच्या घरातली, तेव्हा मी त्यांना त्यांच्याच गोठ्यातून स्पेलिंग दिलं. सी आणि ओ म्हणायचं, मग दोन म्हशी, मधी आय, मग दोन टोपल्या आणि शेवटी दोन एडके. म्हशीचा एम, टोपलीचा टी, एडक्याचा ई, आणि आय तर घरोघरची आयच. माझ्या हाताखालून गेलेली पोरं पुढं बाकी काय शिकली देव जाणे, पण हा शब्द कुणाचा चुकला नाही. आजही एखादा ट्रकवाला मला पाहून खिडकीतून ओरडतो, मास्तर, दोन म्हशी मधी आय. मला बरं वाटतं.

माझा एक वर्गमित्र मात्र या म्हशींच्या आधीच शाळेतून बाहेर पडलेला. इंग्रजीनं त्याला दहावीत दोनदा अडवलं, तिसऱ्यांदा त्यानंच इंग्रजीला रामराम केला. पुढं तो गावच्या दूध संस्थेचा चेअरमन झाला आणि तेव्हापासून त्याची बायकोसुद्धा त्याला चेअरमन म्हणू लागली. अंगानं थोराड, आवाज मोठा, कपड्यांना कडक इस्त्री. घरी गडी होता, त्यामुळं शेणाला हात लागायचा प्रश्न नव्हता. वाईट माणूस नव्हता, पण पुढं पुढं करायची हौस दांडगी. संस्थेच्या खोलीवर त्यानं भलीमोठी पाटी लावून घेतली आणि तीत कमिटीच्या दोन म्हशींतली एक गायब, दोन टोपल्यांतली एक गायब. मी पहिल्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "मास्तर, दूध कमी पडलं का बे? मग अक्षरं मोजीत कावून बसतूस?"

मी चिडलो. आता सांगायला हरकत नाही, मी इतका चिडलो की महिनाभर त्याच्याशी कामापुरतंच बोललो. संस्थेचा सेक्रेटरी मीच होतो. इंग्रजी येतं म्हणून मला धरून बसवलं होतं, आणि मी रोज त्या चुकलेल्या पाटीखालून आत जायचो.

मग तो दुष्काळ आला. दुष्काळ आमच्याकडं पाहुण्यासारखा येत नाही, घरच्यासारखा येतो आणि कुणी या म्हणायची वाट बघत नाही. पण त्या साली त्यानं हातपाय जास्तच पसरले. विहिरी तळाला गेल्या. कडबा संपला. घाटावरचं गवत उन्हाळा लागायच्या आधीच संपलेलं. लोकांनी बैल काढले, शेळ्या काढल्या. बाजाराच्या दिवशी विकणारेच जास्त आणि घेणारा कुणी नाही, अशी गत झाली. संस्थेतलं दूध इतकं कमी झालं की कॅन धुवायलाच पाणी जास्त लागायचं.

आमच्या घरी एकच म्हैस उरली होती. माझ्या आईची. आईची म्हणजे खरोखर आईची. तिच्या माहेराहून आलेल्या म्हशीच्या पोटची ती चौथी पिढी. त्यात ती गाभण होती. मी पगारदार माणूस, मला वाटलं आपण शहाणपणाचं बोलावं. म्हणालो, आई, हिला पाणी पाजता पाजता आपण तहानेनं मरू, देऊन टाकू. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, "म्या जित्ती हाय तवर ती खुंट्यावर ऱ्हाईल." त्यानंतर मी तो विषय काढला नाही. रोज शाळेतून येताना पाण्याचा डबा घेऊन यायचो आणि ती म्हैस तो एका दमात संपवायची.

म्हशी सगळ्यांच्याच अशा अडचणीत. तेव्हा चेअरमननं एक चांगली गोष्ट केली. मांजरेच्या धरणाच्या फुगवट्याला अजून पाणी होतं. पाणी जसं मागं सरकेल तसा उघड्या पडलेल्या गाळात तिथले लोक चारा पेरत होते. तिथल्या एका गावच्या दूध संस्थेशी त्यानं बोलणं केलं. आमच्या म्हशी पाऊस पडेपर्यंत त्यांच्याकडं राहतील, चारापाणी तिथलं, दूध त्यांच्या संस्थेला, आणि पाऊस पडला की म्हशी परत. ऐकून सगळ्या गावाला हायसं वाटलं. आईनं त्या दिवशी चेअरमनला बोलावून चहा दिला, साखर जास्त घालून.

मग बसली कमिटी.

चेअरमन धरून अकरा जण. मी सेक्रेटरी, कागद लिहायला. म्हशी पाठवायच्या कशा यावर दुपारभर काथ्याकूट झाला. कंटाळून मी मध्येच माझी विद्या पाजळली. म्हणालो, तुम्हाला ठाऊक आहे का, हा शब्द आला कुठून? रोमन लोकांच्या भाषेत कोम म्हणजे एकत्र आणि मिट्टेरे म्हणजे पाठवणं, सोडणं. दोन्ही जोडून झालं सोपवणं. पहिल्या शब्दाच्या शेवटी एम, दुसऱ्याच्या सुरुवातीला एम, आणि दोघांपैकी एकानंही बांध सोडला नाही, म्हणून दोन एम. टी तर त्या मिट्टेरेतच दोन होते. आणि शेवटचे दोन ई म्हणजे ज्याच्यावर ते सोपवलं तो माणूस. पुष्कळ जण नाही, एक माणूस. पूर्वी इंग्रजांच्या देशात कमिटी म्हणजे एकटा माणूस असायचा. एखाद्याला वेड लागलं तर त्याला आणि त्याच्या जमीनजुमल्याला सांभाळायला कोर्ट ज्याला नेमायचं, त्याला कमिटी म्हणायचे.

सगळे हसले. चेअरमन सगळ्यात मोठ्यानं हसला. म्हणाला, मग हितं तर अकरा येडे एकमेकाला सांभाळाया बसल्यात. मलाही हसू आलं. उरलासुरला अबोला तिथं संपला, पण पाटी तशीच राहिली.

त्याच बैठकीत तो ठराव झाला. व्हाइस चेअरमनचं चौसाळ्याला दुकान होतं. तो म्हणाला, सगळ्या म्हशींना सारखी निळी नायलॉनची दावी घालू, म्हणजे आपल्या ओळखू येतील. दुसरा म्हणाला, दाव्याला नंबराचा पत्रा अडकवू. तिसरा म्हणाला, मग जुनी दावी कशाला न्यायची, तिकडं हरवतील, घरी ठेवू. सगळे म्हणाले, मंजूर. मी लिहिलं, मंजूर.

हे वाचून आमच्याकडचा माणूस आताच कपाळाला हात लावील, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं जनावर विकलं की दावं देत नाहीत. बाजारात माझ्या वडिलांनी बैल विकला की घेणारा स्वतःचं दावं घेऊन यायचा, त्यानं ते घातलं की वडील आपलं सोडून घ्यायचे, खांद्यावर टाकून घरी आणायचे आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवायचे. जनावर जातं, पण गोठ्याची बरकत त्याच्यामागं जाऊ नये म्हणून. आणि पेरणीला कुणाला बैल उसना दिला, किंवा पोरीच्या घरी दुभती म्हैस चार महिने पाठवली, तर दावं अंगावर ठेवूनच द्यायचं. दावं आलं म्हणजे जनावर आपलंच आहे, फक्त सांभाळायला दुसऱ्याकडं गेलंय. हे तिथं बसलेल्या अकराही जणांना आईच्या दुधाबरोबर ठाऊक होतं. घरी एकटा बसला असता तर त्यातल्या एकालाही दावं काढायचं सुचलं नसतं. कमिटीत बसल्यावर सुचलं. प्रत्येकाला वाटलं, बाकीच्यांनी विचार केला असेल.

ट्रक आला त्या सकाळी संस्थेसमोर जत्रा भरली होती. चेअरमननं बीडहून एक वार्ताहर बोलावलेला, फोटोसाठी. स्वतः खोलीच्या आत आरशासमोर टोपी नीट करत होता. बाहेर व्हाइस चेअरमन निळ्या दाव्यांची मोळी घेऊन उभा. आमची गल्ली जवळ, म्हणून आई म्हशीला घेऊन सगळ्यात आधी आली. म्हशीला हळदकुंकू लावलेलं. तिच्या मागं शेजारणीची म्हैस येऊन उभी राहिली, आणि आई दोन म्हशींच्या मधी. माझ्या शाळेतली दोन पोरं तिथं होती, ती तोंडावर हात धरून हसायला लागली. मी डोळे वटारले.

व्हाइस चेअरमन पुढं झाला आणि आमच्या म्हशीच्या गळ्यातल्या दाव्याची गाठ सोडायला लागला. आईनं गाठीवर हात ठेवला.

तिनं विचारलं हे काय चाललंय. त्यानं सांगितलं, काकू, कमिटीचा ठराव हाय, दावं घरी ठेवायचं.

आईनं गाठीवरचा हात काढला नाही. मग शांतपणे म्हणाली, "दावं ठिवून घेऊन जनावर देत्यात ते इकलेलं. म्या म्हैस इकली न्हाई."

मागच्या बायकांत हे एका क्षणात पोहोचलं. प्रत्येकीनं आपापल्या म्हशीचं दावं मनगटाला एक वेढा देऊन धरलं. मागून एक म्हातारी खाली बसली, तिचं बघून दुसरी बसली. कमिटीतले लोक एकमेकांची तोंडं पाहू लागले आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की आत्ता, या घडीला, प्रत्येकाला सगळं आठवलंय. व्हाइस चेअरमननं निळी मोळी हळूच ट्रकखाली सरकवली. म्हणाला, चुकलं काकू, जुनीच दावी ऱ्हाऊ द्या, आणा हिकडं.

मला वाटलं, मिटलं. आईला तसं वाटलं नाही.

ती म्हणाली, बरं, मग दावं कुणाच्या हातात देऊ?

व्हाइस चेअरमन म्हणाला, कमिटीच्या.

"कमिटीला हात किती हायत?"

तो हसला. म्हणाला लई हायत काकू, अकरा जणांचे.

"मला एकच पायजे," आई म्हणाली. "ज्याच्या दारात जाऊन म्या इचारीन, माजी म्हैस कुटं हाय, आसा एक मानूस दावा."

आता हसणं थांबलं. उन्हं चढायला लागली होती, ट्रकवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला. एक मेंबर म्हणाला, माझ्या घरी लग्न. दुसऱ्याच्या विहिरीचं काम अर्ध्यावर. तिसऱ्याचा गुडघा. माझी शाळेची वार्षिक परीक्षा होती, आणि ती खरोखरच होती, पण मी तेव्हा माझ्या चपलेच्या अंगठ्याकडं बघत होतो एवढं मला स्पष्ट आठवतं. माझी स्वतःची आई, तिची स्वतःची म्हैस, आणि त्या गर्दीत दावं घ्यायला एक हात पुढं येत नव्हता. मला भीती वाटली की आता आई म्हैस परत घरी नेणार. तिला परत नेलं की मागच्या सगळ्या परत जाणार, आणि मग उरलेल्या उन्हाळ्यात एकेक करून त्या बाजारात मातीमोल जाणार. गाभण म्हैस पाण्यावाचून किती दिवस काढील हे मला पाण्याचा डबा आणून आणून कळलं होतं.

तेवढ्यात चेअरमन बाहेर आला. परीटघडीचे कपडे, हातात नारळ. गाडीपुढं फोडून फोटो काढायचा होता. त्याला वाटलं होतं म्हशी एव्हाना चढल्या असतील. कुणीतरी त्याला झालेला प्रकार सांगितला. तो आधी हसला, मग बसलेल्या बायकांकडं पाहून त्याचं हसू गेलं. त्याचं लहानपण आमच्या ओट्यावर गेलेलं. आईच्या हातच्या भाकरी त्यानं माझ्याइतक्याच खाल्ल्या होत्या, शाळेत नापास झाला तेव्हा घरी न जाता तो आमच्याकडंच दिवसभर लपून बसला होता. आई त्याच्याकडं बघत होती.

तो माझ्याकडं वळला.

"मास्तर, त्या दिशी काय सांगत होतास? येड्याला सांभाळनारा यकटा मानूस?"

मी मान डोलावली.

त्यानं नारळ माझ्या हातात दिला. म्हणाला, "द्या काकू."

आईनं पदराचं टोक हातावर घेतलं, त्या पदरात दावं धरलं आणि त्याच्या ओंजळीत ठेवलं. एवढंच म्हणाली, सांभाळ. तो म्हणाला, सांभाळतो. मग शेजारीण आली, तिच्यामागं ती म्हातारी आली, आणि एकेक दावं त्याच्या हातातून जाऊन ट्रकच्या कडीला बांधलं गेलं. वार्ताहरानं फोटो काढला, पण त्यात चेअरमनची पाठ आली. तो म्हणत होता की म्हशी पोचवून संध्याकाळी परत येतो. त्याच इस्त्रीच्या कपड्यांत तो ट्रकच्या मागच्या बाजूला म्हशींत उभा राहिला आणि गेला. नारळ माझ्याकडंच राहिला. रात्री आम्ही त्याची चटणी केली.

तो त्या संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी एका कंडक्टरच्या तोंडी निरोप आला, दोन लुंग्या आणि तंबाखू पाठवा. नंतर कळलं, पहिल्याच दिवशी एक म्हैस पाण्याला गेली आणि गाळात पोटापर्यंत रुतली. तिथल्या लोकांबरोबर चेअरमन त्या गाळात उतरला, कपड्यांसकट. ती बाहेर निघाल्यावर त्याला घरी यायचा धीर झाला नाही. कुणाला काय सांगायचं? दावं त्याच्या हातात दिलेलं. त्याची बायको आमच्या घरी येऊन सांगायची आणि हसून हसून डोळे पुसायची. म्हणायची, घरच्या म्हशीला जन्मात कधी पाणी दावलं न्हाई आन तिकडं गावाच्या म्हशी राखीत बसलेत.

इकडं कमिटीची चंगळ. चेअरमन नाही, तर हंगामी चेअरमन कुणाला करायचं यावरच त्यांचा उन्हाळा गेला. मी बैठकांना जायचो, चहा प्यायचो आणि घरी येऊन आईला नकला करून दाखवायचो.

एका रविवारी आईला घेऊन मी तिकडं गेलो. मांजरसुंब्याला गाडी बदलली, केजला पुन्हा बदलली, पुढं बैलगाडी. फुगवट्याच्या काठाला बाभळींची सावली होती आणि तिथं बनियन घातलेला, उन्हानं रापलेला एक माणूस म्हशीच्या पाठीवर पाणी मारत होता. मी ओळखलं नाही, आईनं लांबून ओळखलं. सगळ्या म्हशी त्याला घरधनिणींच्या नावानं ठाऊक झाल्या होत्या. ही खालच्या आळीच्या म्हातारीची, हिला उसाचं वाढं आवडत नाही. ही मारकी. आणि ही काकू तुमची, लई खोडीची हाय, बाकीच्यांच्या तोंडातलं ओढून खाते. आईला आपल्या म्हशीची तक्रार ऐकून जो आनंद झाला तसा मला पगारवाढीनंही झाला नसेल. तिनं म्हशीच्या गळ्याखाली हात घालून दावं कुठं काचतंय का पाहिलं. काचत नव्हतं, तिथं त्यानं सुती चिंधी गुंडाळली होती. येताना सगळ्या वाटेनं आई बोलत होती, माहेरच्या म्हशींपासून सगळं.

मृगात पाऊस झाला, मागून आणखी झाला, आणि ट्रक परत आला. चेअरमननं कुणाला म्हशी उतरवू दिल्या नाहीत. स्वतः एकेक उतरवली, एकेकीच्या हातात दावं दिलं. एक म्हैस आली नव्हती. खालच्या आळीच्या म्हातारीची, ती म्हैस तिकडंच दगावली होती, म्हातारपणानं. तिचं नुसतं दावं तो घेऊन आला होता. ते घेऊन तो म्हातारीच्या घरी गेला, तिच्यापुढं ठेवलं आणि दुपारभर तिच्या उंबऱ्याशी बसून राहिला. ती रडली, त्याच्यावर रागावलीही म्हणे, मग तिनंच त्याला ताक दिलं. मला आजही वाटतं, कमिटीनं ठराव करून शोक व्यक्त केला असता आणि म्हातारी कुणावर रागवावं तेच शोधत बसली असती.

आमची म्हैस तिकडंच व्यालेली. बरोबर एक रेडी होती, काळीभोर, कपाळावर चांद. पुढच्या सुगीला रेडीचं दूध तुटलं, तेव्हा आई तिला घेऊन चेअरमनच्या दारात गेली. मी बरोबर होतो. त्याला वाटलं, विकायला आणलीय. तो आत जाऊन नवं दावं घेऊन आला. आईनं त्याच्या हातातलं ते नवं दावं बाजूला ठेवलं आणि रेडीच्या गळ्यातलं तिचं स्वतःचं दावं पदरात धरून त्याच्या हातात दिलं.

"इकली न्हाई," ती म्हणाली. "सांभाळाया दिलीय."

तो रेडीच्या कपाळावरचा चांद खाजवत उभा राहिला. मला त्या दिवशी आईचा फार अभिमान वाटला आणि त्याचा थोडा हेवाही.

पुढच्या निवडणुकीत तो पडला. तो म्हशी राखत बसला तेवढ्या उन्हाळ्यात व्हाइस चेअरमननं घरोघर चहा पिऊन ठेवला होता. नव्या चेअरमननं नवी पाटी केली. या वेळी मी पेंटरच्या डोक्याशी उभा राहिलो आणि दोन म्हशी, आय, टोपल्या, एडके सगळं त्याच्याकडून घालून घेतलं. पत्रा मोठा आणायला लावला. रस्त्यावरची ती एकच बरोबर पाटी. गाव मात्र चेअरमन म्हणून हाक त्या पडलेल्यालाच मारायचं, आणि अजून मारतं. ती रेडी मोठी झाली, व्याली, पुन्हा व्याली. दर वेळी पहिल्या चिकाचा खरवस झाकून तो स्वतः आमच्याकडं घेऊन यायचा आणि आईपुढं म्हशीच्या खोड्यांची यादी म्हणायचा.

गेल्या साली आई गेली. वय झालं होतं, फार त्रास न होता गेली. तेराव्याचं जेवण उरकलं, पाहुणे पांगले, मी ओट्यावर बसलो होतो. गोठा कधीच रिकामा झालेला, मीही रिटायर झालेला. तेव्हा गल्लीच्या तोंडाला चेअरमन दिसला. म्हातारा झालाय आता तोही. मागं ती चांदाची म्हैस, शिंगं पार गोल वळलेली. तो दारात येऊन थांबला आणि दाव्याचं टोक माझ्यापुढं धरलं.

"मालकीन गेली," तो म्हणाला. "आता ही कुनाची म्हून सांभाळू बे?"

मी दावं हातात घेतलं. ते आईनं दिलेलंच होतं, तीन ठिकाणी नव्या काथ्यानं सांधलेलं. एवढ्या वर्षांत माझ्या हातात कुणी दावं दिलं नव्हतं आणि मी मागितलंही नव्हतं. म्हैस माझ्या हाताचा वास घेऊन फुरफुरली. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं. मग खांद्यावरचं उपरणं हातावर घेतलं, त्यात दावं धरलं, आणि आईनं ठेवलं होतं तसं त्याच्या ओंजळीत ठेवलं.

म्हणालो, सांभाळ.

त्यानं दाव्याच्या सांध्यावरनं अंगठा फिरवला.

"मंजी म्या आजून कमिटी हाय व्हय?"

"हायस," मी म्हणालो.

त्यानं दाव्याचा एक वेढा मनगटाला घेतला, म्हशीला चुचकारलं आणि तिला पाणी पाजायची वेळ झाली म्हणत निघून गेला.